शिरोलीतल्या प्लेटिंग शॉपमध्ये प्लास्टिकचा हवेवरचा डायफ्राम पंप : १० महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं जॉबवर्क आहे. आसपासच्या मशीन शॉपमधून ब्रॅकेट, बोल्ट, छोटी कास्टिंग येतात; आम्ही पिकलिंग करून, म्हणजे ॲसिडमध्ये गंज काढून, झिंक चढवतो. म्हणजे रोज हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि रोज ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी. आधी ईटीपीवर विजेच्या मोटरचा पंप होता. टाकी रिकामी झाली आणि माणूस दुसऱ्या कामात असला की पंप कोरडा फिरायचा, शाफ्टजवळची गळती अडवणारं मेकॅनिकल सील जळायचं. एका वर्षात ४ सील बदलली. ॲसिडचं तर त्याहून वाईट. ३५ लिटरचा कॅन दोघांनी उचलून टँकमध्ये ओतायचा. एकदा कॅन निसटला आणि कामावरच्या पोराच्या हातावर ॲसिड उडालं. लगेच पाण्याखाली धरला म्हणून थोडक्यात निभावलं, पण डाग अजून आहे. तो डाग बघून मी पंप घ्यायचं ठरवलं.

नोव्हेंबरमध्ये पॉलीप्रॉपिलीन बॉडीचे १ इंची दोन पंप घेतले. एक ॲसिडला, एक ईटीपीच्या फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळ दाबून पाणी वेगळं करणाऱ्या मशीनला. रचना साधी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदे. एकाच्या मागे हवा भरली की तो पुढचं पाणी ढकलतो, तेव्हाच दुसरा मागे ओढला जाऊन पाणी आत घेतो. मग हवेचा व्हॉल्व्ह बाजू बदलतो. पाण्याची वाट उघडणारे-मिटणारे चार बॉल आपापल्या सीटवर वरखाली होत राहतात. १९५५ साली जिम विल्डेन या अमेरिकन माणसानं हा पंप काढला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. फिरणारा शाफ्ट नाही, त्यामुळे मेकॅनिकल सीलही नाही. ड्रम रिकामा झाला तर पंप नुसता खटखट करत राहतो, जळत नाही. आता २०० लिटरचा ड्रम ३ बार हवेवर पाचेक मिनिटांत टँकमध्ये जातो आणि कॅन कुणी उचलत नाही. गॉगल, ॲप्रन, हातमोजे मात्र तसेच चालू ठेवलेत.

फिल्टर प्रेसवर या पंपानं मला जिंकलं. पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या वर जाऊच शकत नाही. सुरुवातीला २ बारवर चालवतो, मग हळूहळू ४ पर्यंत नेतो. प्लेटांमध्ये स्लज (गाळ) भरत जातो तसा ठोका सावकाश होतो आणि शेवटी पंप आपोआप थांबतो. थांबला म्हणजे केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, तयार. ईटीपी बघणारे मामा आता लांबून नुसत्या आवाजावर सांगतात, "भरत आला की ओ प्रेस." पंचगंगा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. केक नीट बसतो, प्रेसमधून निघणारं पाणी स्वच्छ येतं, याचं समाधान मला सील वाचल्यापेक्षा मोठं वाटतं.

आता चूक सांगतो. महाग ते चांगलं असं धरून मी दोन्ही पंपांना टेफ्लॉनचे डायफ्राम मागवले. ॲसिडला ते बरोबरच आहेत, आजही पहिलाच सेट चालू आहे. पण ईटीपीच्या पाण्यात चुन्याचे बारीक खडे असतात. टेफ्लॉन केमिकलला दाद देत नाही, पण रबरासारखं लवचिक नसतं आणि खड्यांची घासणी सोसत नाही. चौथ्या महिन्यात डायफ्राम फाटला, वापरलेली हवा सुटते त्या मफलरमधून पांढरं पाणी उडालं आणि चुना हवेच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला. साफसफाईत अख्खा दिवस गेला. विकणाऱ्यानं आत कुठलं द्रव जाणार हे एकदाही विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. तिथं सँटोप्रीनचे (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे) बसवले, ते सहा महिने बिनतक्रार चालू आहेत.

त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. तोच डायफ्राम ॲसिडच्या पंपाचा फाटला असता तर? दुसऱ्याच दिवशी त्याचा मफलर काढला, तिथून पाइप जोडून भिंतीच्या कडेनं प्लास्टिकच्या बंद पिंपात सोडला आणि पिंपाची हवा वरून शेडबाहेर काढली. ॲसिडला हा पंप वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, पंप चालू करण्याआधी एवढं करून घ्या.

दुसरा धडा हवेचा. आमचा कॉम्प्रेसर ७.५ एचपीचा. ७ बारला एका एचपीमागे साधारण ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा मिळते, म्हणजे सगळी मिळून ३०. १ इंची पंप पूर्ण सोडला तर एवढी हवा एकटाच खातो आणि पार्ट वाळवायच्या ब्लो गनमध्ये जोर राहत नाही. त्यामुळे पंपाला रेग्युलेटर आणि वेगळा कॉक लावून सावकाश चालवतो. विजेच्या पंपापेक्षा हा महागात पडतो, हे मान्य करूनच घ्यावा.

जुलैच्या पावसात एका सकाळी पंप अडखळायला लागला. पोरगा ओरडत आला, "मालक, पंपाला बर्फ धरलाय!" खरंच मफलरवर पांढरा थर होता. दाबाखालची हवा सुटताना एकदम गार होते आणि त्यात ओल असली की गोठते. मी मात्र आधी व्हॉल्व्ह खराब झाला समजून पंप खोलला, अर्धा दिवस घालवला. आता रिसीव्हरचं (कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचं) पाणी सकाळ-संध्याकाळ काढतो, लाइनला एअर ड्रायर बसवलाय, दाब ४ बारच्या आत ठेवतो. नंतर तो त्रास झाला नाही.

बारीकसारीक गोष्टी दोन. प्लास्टिक दाबानं थोडं बसतं, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळे बोल्ट समोरासमोरचे धरून पुन्हा आवळावे लागतात. आम्ही नाही आवळले, जोडातून पाझर सुरू झाला. आणि डिलिव्हरीला थेट कडक पीव्हीसी पाइप जोडू नका. ठोक्यांनी आमचा एल्बो तडकला. पहिला मीटरभर होज टाकल्यावर थांबलं.

शेजारच्या शेडमधला पेंटवाला थिनरसाठी पंप मागायला आला होता. माणूस अडीअडचणीला धावणारा, तरी नाही म्हटलं. साध्या पॉलीप्रॉपिलीनमधून वीज वाहत नाही, त्यामुळे थिनर वाहताना तयार होणारी स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीत शेड पेटू शकते. त्याला अर्थिंग केलेला धातूचा पंप हवा. आमच्या डिग्रीझिंगच्या (तेल-ग्रीस काढायच्या) ७० अंशांच्या बाथलाही हा लावत नाही, प्लास्टिक मऊ पडतं. तीव्र नायट्रिकपासूनही लांब ठेवलाय.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, तेव्हा पुण्याहून कुठलाच माल येत नव्हता. म्हणून दोन्ही पंपांचे डायफ्राम, बॉल, सीट आणि हवेच्या व्हॉल्व्हचं एक किट मे महिन्यातच आणून कपाटात ठेवलंय. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : ॲसिडला टेफ्लॉन, चुन्याला सँटोप्रीन.