ट्रेलो आणि नोशन मेकने जोडून केळीचा एक हंगाम काढला, त्याचा अनुभव

ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं लावायचा बोर्ड, नोशन म्हणजे माहितीची वही, आणि मेक म्हणजे एका ॲपमधली माहिती आपोआप दुसऱ्यात नेणारी ऑनलाइन सेवा. आधीच सांगून टाकतो, एकीकडची माहिती दुसरीकडे ढकलायची असेल तर हे प्रकरण झकास चालतं, दोन्हीकडून सिंक, म्हणजे इकडचा बदल तिकडे आणि तिकडचा इकडे, पाहिजे असेल तर डोक्याला ताप आहे.

आमचं जळगावात ठिबक बसवून द्यायचं छोटं काम. साइट रावेर, यावल, चोपडा अशा पांगलेल्या. कोणत्या वावरात कोण जाणार हे ट्रेलोच्या बोर्डवर, आणि वावराची माहिती म्हणजे विहीर कुठे, मोटर किती एचपीची, लागवडीचं अंतर काय, सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी पाइप) कुठून न्यायची हे सगळं नोशनमध्ये. ॲप दोन्ही चांगली, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही आणि मधला निरोप्या मी. आमचा अमळनेरकडचा फिटर तर गाडीला किक मारल्यावर फोन करायचा, "काय भो, वावर कोठे शे?"

आता असं आहे की फिटर टेलिग्रामवरच्या आमच्या बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला) मेसेज टाकतो, मेक तो उचलतं, नोशनमध्ये पान उघडतं, ट्रेलोत कार्ड बनवतं आणि कार्डावर त्या पानाची लिंक चिकटवतं. टेलिग्राम यासाठी की बॉट फुकट आणि पाच मिनिटांत तयार होतो. मेक म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट, २०२२ ला नाव बदललं. झॅपिअर ही अशीच दुसरी सेवा पण बघितली होती, शिकायला ते जास्त सोपं आहे हे मान्य, पण फुकटात महिन्याला १०० टास्क (आपोआप होणारी कामं) आणि एका ट्रिगरवर, म्हणजे काम सुरू करणाऱ्या घटनेवर, एकच ॲक्शन, आमच्या एका मेसेजमागे तीन-चार कामं असतात, मग जमणार कसं.

मेकच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १००० ऑपरेशन, म्हणजे मेकने केलेली एकेक पायरी, हल्ली त्याला क्रेडिट म्हणतात. ऐकायला भरपूर वाटतं पण यातली मेख समजून घ्या. दर १५ मिनिटांनी "काही नवीन आलं का" असं तपासायला लावलं तर काही नवीन नसलं तरी प्रत्येक तपासणी मोजली जाते, म्हणजे दिवसाला ९६, महिन्याला २८८०, कोटा नुसत्या डोकावण्यातच खलास. टेलिग्रामचा ट्रिगर मेसेज आला की लगेच चालतो, उगाच फेऱ्या मारत नाही, म्हणून तो परवडतो. ट्रेलोकडून नोशनकडे फक्त "काम झालं" एवढंच न्यायचंय, ते दर दोन तासांनी ठेवलंय, महिन्याचे ३६० च्या आसपास जातात. तरी जून-जुलैत मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीच्या) घाईत फुकटात भागलं नाही, तेवढ्यापुरता पैसे भरून प्लॅन घेतला. कांदेबागेला (नंतरच्या लागवडीला) गर्दी कमी होती, निभावलं.

तारखेचं मात्र सगळ्यांनी बघून ठेवा. ट्रेलो ड्यू डेट (कामाची ठरलेली तारीख) आतल्या आत यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतं, आपण साडेपाच तास पुढे. दुपारच्या कामाला काही फरक पडत नाही. पण मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं असतं की माणसं पहाटे पाचलाच वावरात उतरतात, आणि आपले पहाटेचे पाच म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा. नोशनमध्ये तारीख एक दिवस मागे पडते आणि फिटर म्हणतो हे काम तर काल होतं. तारीख नेताना फॉरमॅटमध्ये एशिया-कोलकाता हा टाइमझोन टाकला की विषय मिटतो.

दुसरं गावाच्या नावांचं. नोशनच्या सिलेक्ट कॉलममध्ये (यादीतून निवडायच्या रकान्यात) बाहेरून नवीन नाव आलं की ते गुपचूप नवा पर्याय तयार करतं, त्यामुळे "यावल", "यावल ता." आणि "यावळ" अशी तीन गावं होतात आणि फिल्टर लावला की निम्मी कामं गायब. आम्ही बॉटमध्ये गावांची बटणंच दिली, टाइप करायची भानगडच नको. आणि फिटर लोक बोलून टाइप करतात, लांबच लांब नोट येते, नोशनच्या एका मजकुराच्या तुकड्यात बाहेरून २००० कॅरेक्टरच जातात, मराठीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्यामुळे ते वाटतं त्याच्या आधी भरतं. नोट तोडून पाठवावी लागते. फोटो पण आधी गूगल ड्राइव्हवर टाकून मग त्याची लिंक नोशनला द्या, टेलिग्रामची लिंक एका तासापर्यंतच टिकायची खात्री असते.

आता दोन्हीकडून सिंक का नको ते बघा. कार्ड हललं की पान बदलतं, पान बदललं की कार्ड बदलतं, मग परत पान, घाण्याला जुंपल्यासारखं फिरत राहतं आणि कोटा बघता बघता संपतो. उपाय आहेत, कार्डाचा आयडी नोशनच्या एका कॉलममध्ये ठेवायचा, आधी शोधायचं, सापडलं तर बदलायचं नाहीतर नवीन करायचं, शेवटचा बदल बॉटने केला असेल तर फिल्टर लावून तिथेच थांबवायचं. आयडीवाला कॉलम तर एकतर्फी कामालाही लागतोच, नाहीतर एकाच शेतकऱ्याची दोन पानं होतात. पण बाकीचं सांभाळायला ऑफिसात एक माणूस बसवावा लागेल, मग फोन काय वाईट होते!

चूक आली की सीनारिओ (मेकमध्ये लावलेली कामांची साखळी) बंद पडू शकतो आणि मेल येतो, पण हंगामात मेल कोण बघतं, म्हणून एरर आली की ऑफिसच्या टेलिग्रामवर मेसेज पडेल अशी वेगळी वाट काढून ठेवलीय. हे पहिल्याच दिवशी करा.

एनएटएन (n8n, मेकसारखंच पण आपल्या मशीनवर चालवता येणारं) स्वतःच्या सर्व्हरवर टाका असं एक-दोघांनी सुचवलं, ऑपरेशन मोजायची कटकट तिथे नाही हे खरंय. पण मशीन चोवीस तास चालू पाहिजे, आमच्याकडच्या लाइटच्या भरवशावर ते घरी ठेवण्यात अर्थ नाही, भाड्याचा सर्व्हर घ्यायचा तर अपडेट-बॅकअप आपल्याच गळ्यात. पुढच्या मृगापर्यंत तरी मेकच.