नाना पेठेतलं बेअरिंगचं दुकान - चार स्टार, एक पार्किंगपायी कापला

आमच्या सोसायटीत झावळ्या नि फांद्या बारीक करायला साडेसात एचपीचा चिपर आहे, चुरा सगळा कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. दिवाळीनंतर तो इतका घरघरायला लागला की डी विंगच्या आजींनी गॅलरीतून विचारलं, खाली गिरणी काढलीत का. एका मेकॅनिकला बोलावलं (नाव नको), त्याने हातोड्याने ठोकून नवीन बेअरिंग बसवलं, साडेतीन हजार घेतले, आणि सव्वा महिन्यात परत तोच आवाज.

मग म्हटलं आपणच बघू. पट्टे उतरवून आधी मोटर एकटी चालवली, अगदी गुळगुळीत, म्हणजे मोटर संशयातून सुटली. मग मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात टाकला (हे कराच, आमच्या माळीमामांना बटण दाबून बघायची सवय आहे) आणि ड्रम हाताने फिरवला तर पुलीच्या बाजूला वाळू भरल्यासारखं खर्रर्र, ड्रमचा शाफ्ट (मधला दांडा) धरून वर-खाली केला तर चक्क हलतोय.

जुनं बेअरिंग पिशवीत टाकून दुकानात गेलो, म्हटलं यूसीपी २०६ (हा बेअरिंगचा नंबर) द्या, दोन. काकांनी दिलंच नाही! फडक्याने पुसलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही रिंग शाफ्टवर फिरलीय हो, ओरखडे बघा. शाफ्टचं माप घेतलंत का?" नव्हतं घेतलं. २०६ मधल्या ०६ ला पाचने गुणायचं, म्हणजे शाफ्ट ३० मिमीचा हवा, एवढंही मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन मोजला, बेअरिंग बसतं तिथे २९.८, शेजारी बरोब्बर ३०. ग्रब स्क्रू (बेअरिंगची आतली रिंग शाफ्टला पकडून ठेवणारे छोटे स्क्रू) नीट आवळलेच नव्हते, त्यामुळे शाफ्ट आतल्या आत घासत बसला. फोनवर सांगितलं तर म्हणाले, आत्ता बेअरिंग घेऊ नका, आधी शाफ्ट लेथवर द्या, झिजलेला भाग वेल्डिंगने भरून परत मापाला टर्निंग करून आणा. गिऱ्हाईक दारात आणि हे विकायला नाही म्हणतायत!

भोसरीत शाफ्ट करून घेतला नि परत गेलो, तर अजून दोन प्रश्न. ग्रीस किती मारता? आमचे मामा रोज गनने बाहेर येईपर्यंत मारायचे, बिचाऱ्यांना वाटायचं काळजी घेतोय, पण जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं, सील बाहेर येतं आणि मग लाकडाचा भुसा सरळ आत. आणि ब्लेड कधी बदललं? मागे एक तुटलं होतं, फॅब्रिकेटरकडून तसंच दिसणारं करून घेतलेलं. किराणावाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवली तर नवीन ९० ग्रॅम जड निघालं. एवढा फरक घेऊन ड्रम गरागरा फिरणार म्हटल्यावर कुठलंही बेअरिंग घाला, थरथर ते खाणारच. मग जोडीच बदलली.

दोन बेअरिंग हाउसिंगसकट (बेअरिंग ज्यात बसतं ती बोल्टने लावायची बैठक) १,४५०. बसवायचं कसं तेही त्यांनीच सांगितलं, ठोकाठोकी नाही, आधी खालचे बोल्ट हलके लावून ड्रम हाताने फिरवून बघायचा, मोकळा फिरला की बोल्ट घट्ट आणि ग्रब स्क्रू सगळ्यात शेवटी. पट्टाही फार ताणायचा नाही. आता दीड महिना झाला, अर्धा तास चालवल्यावरही हाउसिंगवर हात ठेवता येतो, पूर्वी दहा मिनिटांत चटका बसायचा.

एक स्टार कापला कारण गाडी लावायला जागा शून्य, मी दोन गल्ल्या सोडून लावली आणि येताना ते वजन घेऊन घामाघूम. बिल मागितलं की मिळतं, पण मागावं लागतं. आणि नुसता नंबर सांगून बेअरिंग मागू नका, जुनं सोबत न्या आणि शाफ्टचं माप घेऊन जा, नाहीतर माझ्यासारखे परत पाठवतील.