ऑडॅसिटी: जुन्या गाण्यांच्या रीमिक्ससाठी

सदाशिव पेठेतल्या छोट्या खोलीत मी पंचमदांच्या १९७०च्या दशकातल्या गाण्यांचे रीमिक्स करते, ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर. तेव्हा सगळा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा, त्यामुळे लय जिवंत, किंचित पुढेमागे होणारी. संगणकाचा ठेका सरळ लावला, तर पहिल्या अंतऱ्यातच सुटतो. म्हणून मी गाणं चार-चार आवर्तनांत कापते आणि ‘चेंज टेम्पो’ या लय बदलणाऱ्या सोयीने एकेक तुकडा ठेक्यावर बसवते. सूर हलत नाही! मात्र फार ताणू नका, गळ्याचा पोत जातो. आशाबाईंच्या आवाजाला तर मी जपूनच हात लावते. पासोड्या विठोबाच्या देवळाजवळून कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणलेत. रात्री शेजारच्या आजींची झोप मोडत नाही.