ऑडिशन न देता जर्मनीत प्रवेश? 2,25,500 रुपये घालवून लिहितेय

मुलीला जर्मनीतल्या संगीत विद्यापीठात पियानोसाठी प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे एकूण 2,25,500 रुपये गेले. नोंदणीचे 18,500, ‘अर्ज व ऑडिशन व्यवस्था’ या नावाखाली 1,45,000, आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या ‘विजेत्यांच्या मैफली’चे 62,000. घेणारा नाशिकच्या गंगापूर रोडला ऑफिस थाटून बसलेला परदेशी शिक्षणाचा सल्लागार. मुलगी रोज सहा तास पियानोवर बसते आणि मी स्वतः पियानो शिकवते, त्यामुळे लाज जास्तच वाटते.

पहिल्याच भेटीत ओळखायला हवं होतं. मुलीने काय वाजवणार याची यादी सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती: बाखचं प्रील्यूड-फ्यूग, बेथोव्हेनची अख्खी सोनाटा, शोपँचे दोन एत्यूद, थोडं द्यबुसी. त्याने बारावीचे टक्के विचारले, पासपोर्ट मागितला आणि त्या यादीवर चहाचा कप ठेवला. निघताना कागद उचलला तर बेथोव्हेनच्या ओळीवर गोल डाग. पियानोच्या प्रवेशाची सुरुवातच या यादीपासून होते. ती न वाचणारा माणूस अर्ज भरणार कसा? एवढा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आजही तो कागद बघवत नाही.

पण नाशिकमध्ये हे विचारायचं तरी कुणाला? त्याच्या तोंडी होखशुल (जर्मनीतलं संगीत विद्यापीठ), व्हिडिओ फेरी, मास्टरक्लास हे शब्द सराईत होते. मुदत टळेल अशी घाई करत होता, आणि ती भीती खोटी नव्हती. जर्मनीत हिवाळी सत्राचे अर्ज साधारण फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान बंद होतात.

दुसरी खूण व्हिडिओची. पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग सलग लागतं: एक रचना एका दमात, कॅमेरा बाजूने, चेहरा, हात आणि कीबोर्ड एकाच चौकटीत, पियानो खरा. सोनाटाच्या दोन भागांमध्ये थांबलेलं बऱ्याच ठिकाणी चालतं, भागाच्या मध्ये कात्री चालत नाही. याने ‘चुका काढून देतो’ म्हणत तीन रेकॉर्डिंगचे तुकडे जोडले. सांध्यावर पेडलमधला नाद कापल्यासारखा तुटतो, साध्या हेडफोनवरही ऐकू येतं. मला ऐकू आलं होतं. ‘तिकडे सगळे असंच पाठवतात’ म्हणाला आणि मी गप्प बसले.

कार्नेगी हॉलचं नीट समजून घ्या. तिथलं 268 खुर्च्यांचं वाइल रिसायटल हॉल भाड्याने मिळतं. ऑनलाइन स्पर्धा घ्यायची, भाग घेईल त्याला ‘प्रथम’ करायचं आणि मंचावरच्या चार मिनिटांचे पैसे त्याच्याकडूनच काढायचे. खऱ्या मोठ्या स्पर्धेत निवडफेरीनंतर परीक्षकांसमोर अनेक फेऱ्या होतात, अंतिम फेरीत बहुधा कन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची एकल वाद्याची मोठी रचना, असतो. बक्षीस त्यानंतर, आणि ते तुम्हाला मिळतं, तुमच्याकडून घेत नाहीत.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकण्याची फी नसते, फक्त दर सत्राचं अंशदान. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो. अर्ज विद्यार्थी स्वतःच ऑनलाइन भरतो. लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या हातात नसेल तर अर्ज झालेलाच नाही असं धरा.

प्रत्यक्ष ऑडिशन न होताच ‘प्रवेशपत्र’ आलं, तेव्हा कुठे मी थेट विद्यापीठाला मेल केला. उत्तर दोन ओळींचं: या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. मुदत संपली होती. वर्ष गेलं.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत ना?’ मग हे दिवाणी प्रकरण आहे. मग पैसे यूपीआयने गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटलाय, ऑफिस आहे, तर ठाण्यातच जा. चार खेपा झाल्या. एकाने विचारलं, पियानो म्हणजे कॅसिओच ना, त्याला जर्मनीला कशाला जायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, ते मी वाचून दाखवायचं? खोटं प्रवेशपत्र टेबलावर होतं, कुणी हातात घेतलं नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. बँकेचं म्हणणं, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय.

ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात येताच त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, मी तीन आठवडे ‘तो परत करेल’ म्हणून थांबले. आणि पावती घेताना त्यावर कामाचं नाव लिहून घ्या. माझ्या तिन्ही पावत्यांवर फक्त ‘सल्ला शुल्क’ आहे, आणि आता तो म्हणतो, सल्ला तर दिला.