फोडणीचा भात की फोडणीची पोळी?

भाचीचा मेसेज: "मावशी, रात्रीचा भात आहे, पोळ्याही आहेत. कंटाळा आलाय, कशाला फोडणी देऊ?"

आधी भात कुठे ठेवला होतास ते सांग. रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर टाकून दे. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलेला भात चालेल, उलट गार भात मोकळा सुटतो. पोळी कोरडी, डब्यात सहज रात्र काढते. पावसाळ्यात मात्र बुरशी बघायची.

कष्टांत भात जिंकतो. हाताने मोकळा केला की झालं. पोळ्या कुस्कराव्या लागतात, आणि मिक्सरला लावल्या तर तो धुवायचा!

तेल पोळी जास्त पिते. त्यावर उपाय ताकाचा हबका आणि दोन मिनिटं झाकण. पौष्टिकतेत गव्हाच्या कोंड्यामुळे पोळी पुढे, पण प्रथिनांसाठी दोन्हींत मूठभर शेंगदाणे किंवा मोडाची मटकी हवीच. कांदा तरी चिरच.

दुपारपर्यंत भूक लागायला नको असेल तर पोळी, सोबत दही. पोट नाजूक असेल किंवा खाऊन पुन्हा लोळायचं असेल तर फ्रिजमधला भात, कमी तिखट, वर लिंबू.