कोंड्याचा शाम्पू घेताय? आधी बाटली उलटी करा

दुकानात कोंड्याचे म्हणून जे शाम्पू एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे असतात ते कायद्याने एका जातीचे नसतातच, आणि हे कळलं नाही तर सगळी तुलना फुकट जाते. कुणाचं लायसन्स कॉस्मेटिकचं असतं, कुणाचं ऍलोपॅथिक औषधाचं, कुणाचं आयुर्वेदिक औषधाचं. आणि तिघांच्या लेबलवर काय काय छापायचं याचे नियम वेगळे, त्यामुळे एकावर पंचवीस नावं दिसतात, दुसऱ्यावर एकच, तिसऱ्यावर नुसत्या वनस्पती, आणि आपल्याला वाटतं की अरे वा, ह्या वनस्पतीवाल्यात केमिकल नाहीच.

आमच्या वहिनी नेमक्या ह्याच कारणाने तो घेऊन आल्या होत्या. मेडिकलवाला म्हणाला, "ताई, हा घ्या, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट काही नाही." बाटलीवर मागे भृंगराज इतके मिलीग्रॅम, आवळा इतके, रिठा इतके, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात शाम्पू बेस क्यू.एस. हे क्यू.एस. म्हणजे बाकी जेवढं लागेल तेवढं. वरच्या वनस्पतींची बेरीज करून बघा, बऱ्याचदा बाटलीच्या चार-पाच टक्केही भरत नाही, म्हणजे उरलेलं जवळजवळ सगळं बेस, आणि फेस येतोय तो त्या बेसचाच, पण त्या बेसमध्ये काय आहे ते बऱ्याच बाटल्यांवर लिहिलेलंच नसतं. वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, बेस चांगलाही असू शकतो, पण ज्याला एखाद्या घटकाची ऍलर्जी आहे त्याने काय बघून घ्यायचं सांगा ना.

गंमत म्हणजे केटोकोनाझोल ह्या बुरशी मारणाऱ्या औषधाच्या शाम्पूचंही तेच आहे. औषध म्हणून विकतात त्यामुळे केटोकोनाझोल 2 टक्के, पुढे रंगाचं नाव आणि परत तोच बेस क्यू.एस. फरक एवढाच की इथे जे काम करणार आहे त्याची टक्केवारी छातीठोक लिहिलेली असते आणि ती टक्केवारी तपासून झालेली असते.

पूर्ण यादी मिळते ती कॉस्मेटिकवाल्यांवर. ती कशी वाचायची तर 1 टक्क्याच्या वर जे जे आहे ते उतरत्या क्रमाने लिहायचं असा नियम आहे, 1 टक्क्याच्या खालचे मग कुठल्याही क्रमाने चालतात. मी सरळ फिनॉक्सिइथेनॉल नाहीतर दुसरं एखादं प्रिझर्वेटिव्ह शोधते, कारण ते जास्तीत जास्त 1 टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे त्याच्यानंतर जे नाव येतं ते साधारण 1 टक्का किंवा त्याहून कमीच. आता पुढून बघा, कांद्याचं भलंमोठं चित्र, आणि मागे कांद्याचा अर्क प्रिझर्वेटिव्हच्याही खाली! मोबाइलचा कॅमेरा झूम करून दुकानातच वाचता येतं, मी वाचते, दुकानदार बघत राहतात पण काही म्हणत नाहीत.

आता यादीच्या वरच्या टोकाला या. पाणी, मग फेस देणारे, मळ काढणारे घटक, बहुतेक सोडियम लॉरेथ सल्फेट, मग कोकामिडोप्रोपिल बीटेन. हे लॉरेथ आणि सोडियम लॉरिल सल्फेट दोन वेगळे आहेत, लॉरिल जास्त कडक, लॉरेथ त्या मानाने मवाळ, आणि बीटेन सोबत असलं की अजून मवाळ होतं. लोक दोघांना एकच समजून सल्फेट सल्फेट करून घाबरतात आणि मग दुप्पट पैसे देऊन सल्फेट फ्री आणतात, त्यात सोडियम सी14-16 ओलेफिन सल्फोनेट असतं, ते सल्फेट नाही हे खरंय पण तेल ओढून काढण्यात ते काही मागे नाही. खरंच मवाळ हवं असेल, डोकं कोरडं, खाजरं असेल, तर कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड असली नावं वरच्या चार-पाचात आहेत का बघा. माझं डोकं तेलकट, रोज हेल्मेट, पुण्याचा घाम, मला लॉरेथचा काही त्रास नाही, उलट नुसत्या मवाळ शाम्पूने माझं डोकं दुसऱ्या दिवशी चिकट होतं.

तर कोंडा. कोंडा म्हणजे डोक्याची त्वचा कोरडी पडली म्हणून होतो असं घरोघरी समजतात आणि तेल चोपडतात, पण नेहमीच्या कोंड्यात भानगड वेगळी असते. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, तिला स्वतःचं फॅट बनवता येत नाही म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलावर जगते, ते तोडते, त्यातून ओलिक आम्ल सुटतं आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या त्वचेची आग होते, खाज येते, पेशी भराभर सुटायला लागतात. म्हणजे शाम्पूकडून दोन कामं हवीत, तेल कमी करणं आणि यीस्ट आटोक्यात ठेवणं. पहिलं काम कुठलाही बरा शाम्पू करतो. दुसऱ्यासाठी मोजके घटक आहेत, आणि खरी तुलना ह्यांचीच व्हायला पाहिजे, सुगंधाची आणि फेसाची नाही.

झिंक पायरिथिऑन सगळ्यात ओळखीचं. हेड अँड शोल्डर्स 1961 मध्ये अमेरिकेत आला तो ह्याच्याच जोरावर. हे पाण्यात विरघळत नाही, बारीक कण असतात, ते धुतल्यावरही थोडे त्वचेवर बसून राहतात आणि काम करत राहतात, म्हणून झिंकचा शाम्पू नितळ पारदर्शक नसतो, दुधाळ दिसतो. साधारण 1 टक्का असतो. हलक्या, भुरभुर पडणाऱ्या कोंड्याला हा पुरतो आणि नेहमी वापरायला सोपा. युरोपने 1 मार्च 2022 पासून कॉस्मेटिकमध्ये त्यावर बंदी घातली हे खरं आहे आणि व्हॉट्सॅपवर ते फिरतंही, पण त्याच युरोपच्या वैज्ञानिक समितीने धुऊन टाकायच्या शाम्पूत 1 टक्का सुरक्षित आहे असंच मत दिलं होतं. बंदी आली कारण तिथे प्रजननाला घातक ह्या वर्गात पदार्थ गेला की पर्याय उपलब्ध असताना तो आपोआप बाद होतो. पर्याय म्हणजे पिरोक्टोन ओलामाइन, ते आता आपल्याकडेही बऱ्याच बाटल्यांवर दिसतं. ज्यांना झिंक नको वाटतं त्यांनी हे घ्यावं, हलक्या कोंड्यासाठी ठीक काम करतं.

केटोकोनाझोल 2 टक्के, म्हणजे केटोमॅक वगैरे, हा माझ्या मते खऱ्या चिवट कोंड्यासाठी पहिला पर्याय. बाटली छोटी, रंग गुलाबी-केशरी, वास औषधाचा, आणि आवडून घेण्यासारखं त्यात काहीच नाही. पण आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवून! हे तीन ते पाच मिनिटं कुणी करतच नाही हो. लावलं, चोळलं, धुतलं, आणि मग म्हणायचं फरक पडला नाही. लावा, बाकी आंघोळ उरका, मग धुवा. एकदा आटोक्यात आलं की आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरे. गोळी पोटात घेतली तर लिव्हरचा धोका असतो म्हणून काही जण शाम्पूलाही घाबरतात, पण शाम्पूतून ते रक्तात जवळजवळ जातच नाही. केस मात्र झाडूसारखे होतात, त्यासाठी कंडिशनर लावा पण लांबीला, मुळांना नाही. केटोकोनाझोल आणि झिंक एकत्र असलेलेही मिळतात, स्कॅल्प प्लससारखे, पण मी आधी साधा घेईन, त्याने नाही झालं तर पुढचा.

सेल्सनमध्ये सेलेनियम सल्फाइड 2.5 टक्के. हे सस्पेन्शन आहे, बाटली आठवडाभर उभी राहिली की औषध तळाला बसतं आणि वर नुसतं पाणचट, म्हणून हलवल्याशिवाय ओतू नका, नाहीतर पहिल्या आठवड्यात काहीच मिळणार नाही आणि शेवटी शेवटी भलताच कडक डोस. दोन-तीन मिनिटं ठेवायचं. अंगठ्या, कानातले काढून ठेवा, दागिन्यांचा रंग जातो. पांढऱ्या, रंगवलेल्या केसांनाही छटा येऊ शकते म्हणून मेंदी-कलरवाल्यांनी नीट, पुष्कळ पाण्याने धुवायचं. तेलकट डोक्याला हे फार छान उतरतं, वास सहन करायची तयारी हवी बस.

सॅलिसिलिक ऍसिड वेगळं काम करतं, ते खपल्या सैल करतं, यीस्ट मारायचं काम त्याचं नव्हे. जाड चिकट थर बसला असेल तर आधी हे, मग केटोकोनाझोल, हा क्रम चांगला. कोल टारचं, म्हणजे कोळशाच्या डांबराच्या शाम्पूचं, मी इथे लिहीत नाही, ते डॉक्टरच्या सांगण्यावरूनच.

आता शिकेकाई, कारण मला माहितीये कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येणार. मंडईच्या बाजूच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणली, रात्री भिजत घातली, सकाळी उकळून गाळली आणि पीएचच्या, म्हणजे आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणाऱ्या, पट्ट्या बुडवून बघितल्या. पट्टी पिवळीच राहिली, म्हणजे आम्लाच्या बाजूला, साधारण आपल्या त्वचेला मानवेल तशी. त्याच ओट्यावर शिकेकाईचा साबण वाटीत विरघळवून पट्टी बुडवली तर गर्द हिरवी, नऊच्या पुढे! नाव तेच पण वस्तू दुसरी, तो शेवटी साबण आहे, पाम तेलाचा, आणि बोअरच्या जड पाण्यात तो केसांवर पांढरा चिकट थर सोडतो. उकळलेल्या शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतात, ते नैसर्गिक फेस देतात, मळ काढतात, थर बसत नाही. कोंडा नसलेल्या माणसासाठी मला हे आजही उत्तम वाटतं, आमची आजी आयुष्यभर त्यावरच न्हायली आणि केस बघण्यासारखे होते. पण कोंडा असेल तर त्यात यीस्टवर ठोस काम करेल असं ठरावीक प्रमाणात काही नाही, दर वेळचा काढा वेगळा. आणि पावडर तशीच कालवून खसाखसा चोळू नका, रवाळ असते, आधीच सोललेल्या त्वचेला ओरखडे पडतात. रिठा डोळ्यात गेला तर काय होतं ते ज्याचं गेलंय त्यालाच विचारा.

लिंबू चोळणं तर बंदच करा. झोंबतंय म्हणजे काम करतंय असं काही नसतं, झोंबतंय म्हणजे त्वचेची साल गेलीये.

तेलाबद्दल भांडण होणार माहितीये तरी लिहिते. नारळाचं तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, हे तपासून झालेलं आहे, मिनरल ऑइलने तसं होत नाही. बदाम, आवळा अशी नावं असलेली कितीतरी तेलं उलटी करून बघा, पहिलं नाव मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन. म्हणजे केसांसाठी नारळाचंच. पण ते केसांना, न्हायच्या आधी तास-दोन तास, लांबीला. कोंडा असताना मुळाशी जिरवून रात्रभर ठेवणं म्हणजे त्या यीस्टला जेवण वाढणं. आईला दुखवायचं नसेल तर डोक्याला मालिश कोरड्या बोटांनी करून घ्या, तेल शेंड्यांना.

केस वाढवायच्या स्कॅल्प सीरमवर एकच सांगते, त्यावर रेडेन्सिल 3 टक्के वगैरे लिहिलेलं असतं ते कंपनीकडून येणाऱ्या तयार मिश्रणाचे 3 टक्के असतात, त्यातलं बरंचसं पाणी आणि ग्लिसरीन. कोंड्याशी त्याचा संबंध नाही. आधी कोंडा आवरा, केस वाढवायचं नंतर बघू.

वहिनींना मी शेवटी केटोकोनाझोल आणायला लावलं आणि मधल्या दिवसांत त्यांचा नेहमीचाच साधा शाम्पू चालू ठेवला. खाज पहिल्या पंधरवड्यातच कमी झाली, पण जुन्या खपल्या निघायला वेळ लागला, तेवढा धीर धरावा लागतो.

आणि एक, मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून क्लोबेटासॉल आणि सॅलिसिलिकचं लोशन सहज हातावर ठेवतात. ते कडक स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून लोक महिनोन् महिने लावत बसतात आणि त्वचा पातळ होते, सोडलं की दुपटीने उलटतं. लेबलवर लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केसांच्या रेषेच्या बाहेर कपाळावर, कानामागे जाड चांदीसारख्या खपल्या येत असतील, गोल चकती पडून केस जात असतील, लहान मुलाच्या डोक्यात पू किंवा तुटके केस दिसत असतील तर वरचं काहीच वापरू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा. आणि जाताना सध्या जे लावताय त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, डॉक्टरलाही मागचं लेबल बघायला लागतं.