कुबरनेटिसमध्ये जोर कशावर: आरबॅक की पॉलिसी?

टीम छोटी, कुबरनेटिसचे (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणारी प्रणाली) क्लस्टर, म्हणजे मशीनचे गट, एक-दोन. मग आरबॅकचे (कोणाला काय करता येईल ते रोलप्रमाणे ठरवणारी सोय) रोल बारीक करत बसायचं की पॉलिसी इंजिन (येणारी प्रत्येक नवी गोष्ट नियमांवर तपासून अडवणारं साधन) लावायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

आरबॅक कुबरनेटिसच्या 1.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, स्थिर आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही. कोणाला काय करता येतं हे 'ऑथ कॅन-आय' ही कमांड एका ओळीत सांगते. इथवर तक्रार नाही.

माझं मन उडालं ते एका सीक्रेटपायी (क्लस्टरमध्ये ठेवलेला पासवर्डसारखा गुप्त मजकूर). डेव्हलपरना डिप्लॉयमेंट (अ‍ॅप क्लस्टरवर चढवणं) करता यावी, पण डेटाबेसचा पासवर्ड दिसू नये, एवढंच हवं होतं. तयार 'एडिट' रोलमध्ये सीक्रेट वाचायची मुभा असते, म्हणून रोल हाताने लिहायला घेतला. 'सीक्रेट सोडून सगळं' असं आरबॅकमध्ये लिहिताच येत नाही. नकार हा प्रकारच नाही, नुसती परवानग्यांची बेरीज. एकेक रिसोर्स मोजून लिहिण्यात दुपार गेली. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने साधा पॉड (कंटेनर चालवायचं सगळ्यात लहान एकक) बनवला, तेच सीक्रेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि पासवर्ड लॉगमध्ये छापून दाखवला. वर हसला. नियम एकही मोडला नव्हता! पॉड बनवायची परवानगी होती, लॉग बघायचीही होती. सोसायटीचा वॉचमन पास बघतो, पिशवी उघडत नाही, तसं हे.

पॉलिसी पिशवी उघडते. कोणतं सीक्रेट कोणत्या पॉडने घ्यायचं, प्रिव्हिलेज्ड (मशीनवर जवळजवळ पूर्ण हक्क असलेला) कंटेनर, होस्टपाथ (मशीनवरचं फोल्डर पॉडला जोडणं), इमेजचा 'लेटेस्ट' टॅग, सगळं तिथेच अडतं. गेटकीपर आणि कायव्हर्नो ही दोन पॉलिसी इंजिनं. गेटकीपरचे नियम रेगो भाषेत लिहावे लागतात, ती शिकायचा उत्साह नव्हता, म्हणून कायव्हर्नो घेतलं. त्याचे नियम यामलमध्येच, म्हणजे कुबरनेटिसच्या नेहमीच्या फाइलींच्या साच्यात, लिहायचे. आज सुरुवात करायची असती, तर कुबरनेटिसमध्येच असलेली, 1.30 पासून स्थिर झालेली व्हॅलिडेटिंग अ‍ॅडमिशन पॉलिसी आधी चाचपली असती. तिला वेगळा वेबहुक (क्लस्टर प्रत्येक विनंती तपासायला ज्याच्याकडे पाठवतो ती वेगळी सेवा) लागत नाही.

कारण कायव्हर्नोच्या वेबहुकचा त्रास आहेच. आम्ही कंजूषपणे त्याची एकच प्रत चालवत होतो. एका रात्री ती पडली आणि नवे पॉड उठेनात. तेव्हा निदान तीन प्रती ठेवा आणि पहिले काही आठवडे नियम 'ऑडिट'वरच (नुसती नोंद, अडवणूक नाही) असू द्या. शिवाय गेट, लिस्टसारख्या वाचण्याच्या विनंत्या अ‍ॅडमिशनपर्यंत, म्हणजे पॉलिसी तपासणाऱ्या टप्प्यापर्यंत, पोचतच नाहीत, त्यामुळे वाचायच्या हक्कांसाठी आरबॅकला पर्याय नाही. तुमच्याकडे प्रत्येक टीमला वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) असेल, तर कदाचित तेवढ्यावर भागेलही.

आमच्याकडे सध्या रोल तीनच उरलेत. पॉलिसी चौदा.